हाडामांसाचा घसारा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, कर्ज, वीजबिल हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून आज आम्ही म्हातारपणावर बोलणार, असे कळल्यावर मागच्या बाजूला थोडी खसखस पिकली. ती आम्ही ऐकली. आरोग्य खात्याचे भाषण करायला आम्ही उभे नाही. विषय उत्पादनखर्चाचाच आहे. ज्या रकान्यात आपण आजवर काहीच लिहिले नाही, तो रकाना आज उघडायचा आहे, एवढेच.

पुढे बसलेल्या साठीपुढच्या मंडळींना एक विनंती. सदऱ्याची वरची गुंडी काढा, मान खाली घाला आणि मानेची मागची बाजू शेजाऱ्याला पाहू द्या. काय दिसते? कातडी जाड, काळपट, आणि तिच्यावर आडव्यातिडव्या खोल भेगा. वैशाखात काळे रान फुटते तशा. आता सदरा वर करून पोटाची कातडी पाहा. ती मऊ आहे, नितळ आहे, थोडी सैल पडली आहे इतकेच. मान आणि पोट एकाच माणसाचे, दोन्हींचे वय एकच. मग मानच एवढी म्हातारी का झाली? पोट सदऱ्याखाली होते आणि मान चाळीस वर्षे उन्हात होती, म्हणून. डॉक्टरांच्या पुस्तकांत असल्या मानेला 'शेतकऱ्याची मान' असेच नाव दिलेले आहे.

म्हणजे म्हातारपणाची खाती दोन आहेत. एक वयाचे. ते कलेक्टरलाही चुकत नाही आणि त्याबद्दल कोणत्या सरकारला जाब विचारता येत नाही. दुसरे खाते कामाचे. उन्हाचे, ओझ्याचे, वाकण्याचे, अर्धपोटी राहण्याचे. आपण दोन्ही खाती एकत्र करून 'वय झालं आता' म्हणतो आणि मोकळे होतो. आज ती वेगळी करून पाहू.

कातडीच्या वरच्या पदराखाली धाग्यांची वीण असते. काही धागे दोरासारखे बळकट, काही रबरासारखे ताणून परत येणारे. तारुण्य ओसरले की बळकट धाग्यांचा साठा दर वर्षाला साधारण एक टक्क्याने घटत जातो. हे वयाचे खाते. उन्हातले अतिनील किरण हीच वीण तोडतात, ते कामाचे खाते. आपल्या सावळ्या रंगाने आपल्याला पुष्कळ वाचवले आहे. गोऱ्या लोकांना उन्हाने कातडीचा कर्करोग होतो तेवढा आपल्याकडे होत नाही. पण साठीनंतर हाताची कातडी कागदासारखी पातळ होते, वेचणीत बोंडाचे टोक घासले तरी जांभळा डाग उठतो आणि विळ्याची जखम लवकर भरत नाही, हे सगळ्यांच्या अनुभवाचे आहे. सुरकुत्यांचे आम्हाला दुःख नाही. आरशात बघायला वेळ कोणाला आहे? काळजीची गोष्ट वेगळीच. कातडी म्हातारी झाली की घाम कमी सुटतो, आणि त्याच वयात तहानही कमी लागते. एप्रिल-मे महिन्यात वखराच्या मागे चालणारा सत्तरीचा माणूस 'मला तहान नाही' म्हणतो तेव्हा तो खरेच बोलत असतो, आणि तरीही त्याचे अंग आतून सुकत असते. घरातल्यांनी त्याला तहान लागली का म्हणून विचारू नये. तांब्या हातात द्यावा.

कातडीचे आणखी एक काम आहे. ऊन अंगावर पडले की ती 'ड' जीवनसत्त्व तयार करते आणि त्याच्याशिवाय खाल्लेला चुना, म्हणजे कॅल्शियम, अंगी लागत नाही. सत्तरीच्या माणसाची कातडी विशीतल्या कातडीच्या निम्म्याहूनही कमी 'ड' बनवते. आम्हाला वाटत होते की ही अडचण शहरातल्या सावलीतल्या लोकांची; आपण तर दिवसभर उन्हातच. पण दिल्लीच्या डॉक्टरांनी उत्तर प्रदेशातल्या एका गावात पाहणी केली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. उन्हात वावरणाऱ्या त्या गावातही पुष्कळांना 'ड' कमीच निघाले. सावळ्या कातडीला जास्त वेळ ऊन लागते, आणि कामाच्या वेळी अंग झाकलेले असते. आपल्या बायका वेचणीला जाताना साडीवर लांब बाह्यांचा सदरा चढवतात, तोंड बांधतात. ते बरोबरच आहे. नाही तर अंग ओरबाडून निघेल. कोवळ्या उन्हात म्हाताऱ्यांना बसवण्याचा आपला रिवाज मात्र इथे कामाचा नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात ते किरण जवळजवळ नसतातच. थंडीच्या दिवसांत अकरा ते दोनच्या दरम्यान हात-पाय उघडे टाकून अर्धा तास बसावे. उन्हाळ्यात मात्र हा उद्योग करू नये, तेव्हा डोक्यावर फडकेच पाहिजे.

आता हाडे. हाड म्हणजे दगड, अशी आपली समजूत. खरे तर हाड बांधासारखे आहे. दोन टोळ्या त्याच्यावर सतत राबत असतात. एक जुना भाग खोदून काढते, दुसरी तिथे नवा भरते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा जवळजवळ दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. तिशीपर्यंत भरणारी टोळी पुढे असते. चाळिशीनंतर खोदणारी पुढे जाते. बायकांची पाळी गेली की तिला आवर राहत नाही. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांचा पाचवा हिस्सासुद्धा जाऊ शकतो. बांध बाहेरून होता तसाच दिसतो आणि एका पावसात फुटतो.

आमच्या गावातल्या एका मावशीचे सांगतो. चौपन्नाव्या वर्षी निंदायला जाताना धुऱ्यावर पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडले. महिनाभर पट्टी बांधली, कोणाला काही वाटले नाही. मनगट मोडणे हा हाडांनी धाडलेला निरोप असतो, हे आम्हालाही तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे त्यांची उंची कमी झाली, पाठीला बाक आला. लोक म्हणाले, वाकून वाकून कुबड आले. वाकण्याने नव्हे, मणके आतल्या आत दबले होते. एकसष्टाव्या वर्षी रात्री अंधारात उंबरठ्याला ठेच लागली आणि खुबा मोडला. ऑपरेशनला पैसा हवा म्हणून घरातला सगळा कापूस दारावर आलेल्या व्यापाऱ्याला त्याच आठवड्यात, तो म्हणेल त्या भावाने द्यावा लागला. महिन्याभराने भाव चढला. त्या घराचा त्या वर्षीचा तोटा कोणी बोंडअळीच्या नावावर लिहील, कोणी पावसाच्या. तो हाडांचा होता.

हाडे हे चुन्याचे पेव आहे. रक्तातला चुना कमी झाला तर हृदय चालणार नाही, म्हणून शरीर पेव उघडते आणि हाडांतून काढून घेते. काढतच राहायचे आणि भरायचे नाही, तर पेव किती दिवस पुरेल? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या बाईला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असे ठरवले. शंभर ग्रॅम ज्वारीत ते २८ मिलिग्रॅमच्या आसपास असते. अर्धा किलो पिठाच्या भाकरी खाल्ल्या तरी दीडशेसुद्धा भरत नाहीत.

म्हणून ज्वारीला नावे ठेवू नका. आपल्या बापजाद्यांची हाडे ज्वारीवरच पोसली. पण तो चुना दाण्यात नव्हता, कडब्यात होता. कडबा गाई-म्हशीने खाल्ला आणि पावशेर दुधातून तीनशे मिलिग्रॅम ताटात आले. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्तात वाटून ज्वारीचा भाव दाबला गेला. मग ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, २००२ सालापासून बीटी कापूस आला. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी दावणीची गाय गेली, आणि दूध चहापुरते उरले. हे काही शेतकऱ्याने अडाणीपणाने केले नाही. ज्या पिकात दोन पैसे दिसले ते त्याने घेतले, आणि तसे घेण्याचा त्याला हक्क आहे. पण दाण्याच्या भावाबरोबर हाडांचाही भाव ठरला, हे आपण कधी मांडले नाही.

स्नायूंची गोष्ट थोडी निराळी आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू तीन ते आठ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर अधिक वेगाने. पण सगळे सारखे घटत नाहीत. दमाने, संथ काम करणारे तंतू पुष्कळ टिकतात. झटक्याने काम करणारे तंतू आधी झिजतात. म्हणून सत्तरीचा म्हातारा पंढरपूरला पायी जाऊन येतो, पण पायाखाली साप निघाला तर त्याला उडी मारता येत नाही. ठेच लागली की तरुण माणूस सावरतो आणि म्हातारा पडतो, त्याचेही कारण हेच.

'आम्ही जन्मभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?' हा प्रश्न येणार, तो आम्हीच विचारून घेतो. राबणे आणि बळ वाढणे एक नव्हे. दिवसभर खुरपे घेऊन उकिडवे बसले तर गुडघा झिजतो, मांडी वाढत नाही. बोस्टन या अमेरिकेतल्या शहरात १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा सराव करून घेतला. एकाने मध्येच सोडले. उरलेल्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. नव्वदीत! म्हणजे स्नायू शेवटपर्यंत हिशोब मानतात. पण त्यांना ओझ्याबरोबर डाळ लागते. आपण कापसात तुरीची ओळ घेतो, आणि तूर निघाली की पोते थेट बाजारात. वर्षभर ताटात भाकरी आणि पाण्यासारखे वरण. भाव पडलेला असताना घाईने विकण्यापेक्षा घरातल्या म्हाताऱ्यांच्या वाट्याची तूर-हरभऱ्याची डाळ आधी कोठीत पडू द्या, हे आमचे स्पष्ट मत आहे.

सांध्यांवर परदेशातल्या शेतकऱ्याचा दाखला देतो. १९९२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख आला. त्याच्या मथळ्यातच म्हटले होते की खुब्याची झीज हा शेतकऱ्यांचा व्यवसायजन्य रोग आहे. दहा वर्षांहून अधिक शेती केलेल्यांमध्ये ती इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त सापडली. पुढे २००५ साली ब्रिटनच्या सरकारने दहा वर्षे शेतीत काम केलेल्याची खुब्याची झीज हा धंद्याचा आजार म्हणून यादीत घातली, भरपाई देण्याजोगी. ट्रॅक्टरवर बसून शेती करणाऱ्यांचा तो देश! आपल्याकडे सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन ढेकळांतून चालणाऱ्याच्या खुब्याची दखल कोणी घ्यायची? त्यात एक मेख आहे, तीही सांगितली पाहिजे. ती भरपाई तिथे नोकरीवर असलेल्याला मिळते, स्वतःच्या शेतात राबणाऱ्याला नाही. मालक म्हणवून घेण्याची शिक्षा तिथेही आहे.

मायबहिणींबद्दल वेगळे बोललेच पाहिजे. १९८६ साली चांदवडच्या अधिवेशनात शेतकरी बाया मोठ्या संख्येने पहिल्यांदा स्वतःच्या प्रश्नांवर बोलायला जमल्या. शेतातल्या कामाचा मोठा भार बाई उचलते, हे तेव्हापासून आपण मानतो. तिच्या हाडांचे मात्र अजून कोणी मानलेले नाही. अंगावर पाजताना तिच्या पेवातून जाते. सगळ्यांचे झाल्यावर उरलेले तिने खायचे, म्हणून भरतीही कमी. त्यात आता पिशवी काढण्याची साथ. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. पाहणीत ८२ हजारांवर बायकांची माहिती घेतली, त्यांतल्या तेरा हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. याच कोरडवाहू गावांतून कोयता घेऊन गेलेल्या आपल्या बहिणी त्या. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले तर त्याच दिवशी बाईची पाळी कायमची जाते, आणि हाडे खोदणारी टोळी पन्नाशीऐवजी तिशी-पस्तिशीतच सुटते. कोणी डॉक्टर पिशवी काढायला सांगेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय होय म्हणू नका, आणि बीजांडकोश ठेवणार की काढणार हे तोंडाने विचारा.

दुखण्यावरच्या पुडीबद्दलही एक शब्द. आठवडी बाजारात किंवा गावातल्या दवाखान्यात वाताची गोळी मिळते. दोन दिवसांत माणूस टुणटुणीत होतो, भूक लागते, चेहरा भरतो. असल्या गोळीत बऱ्याचदा स्टेरॉइड असते. महिनोन्महिने घेतले तर तेच औषध हाडे ठिसूळ करते, मांड्यांचे मांस खाते आणि कातडी पातळ करते. ज्या तिन्ही गोष्टी म्हातारपण वीस वर्षांत करते, त्या ते लवकर उरकते. पण फार दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, त्याने जिवावर बेतते. मोठ्या दवाखान्यात जाऊन हळूहळू कमी करून घ्या.

आता मूळ मुद्द्यावर येतो. कृषी मूल्य आयोग कापसाचा, ज्वारीचा उत्पादनखर्च काढतो तेव्हा अवजारांचा घसारा धरतो. शेतातल्या इमारतींचा घसारा धरतो. घरच्या बैलाच्या वैरणीचा खर्च धरतो. घरच्या माणसांची मजुरीही धरतो, रोजंदारीच्या दराने. पण वखराची पास झिजते ती खर्चात, आणि वखर धरणाऱ्याचा खुबा झिजतो तो नशिबात, हा कुठला हिशोब? कोणी म्हणेल, मजुरी धरली त्यात सगळे आले. मग ट्रॅक्टरचे डिझेल धरल्यावर त्याचा घसारा वेगळा का धरता? मजुरी हे माणसाचे डिझेल आहे, आजची भाकर आहे. साठीनंतर जे यंत्र बंद पडणार त्याची तरतूद तिच्यात नाही. सरकारी नोकराच्या पगारावर अशी तरतूद असते, म्हणून तो अठ्ठावन्न-साठला घरी बसू शकतो. 'भीक नको, हवे घामाचे दाम' असे आपण म्हणत आलो. त्या दामात घाम आटल्यानंतरच्या वर्षांचा हिस्सा आपणच मोजला नव्हता. ही आपली चूक, आणि ती आपणच दुरुस्त करायची.

सरकारने जे दिले तेही पाहा. १९९५ साली केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन निघाली, महिना ७५ रुपये. २००६ साली ती २०० झाली. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत २०२३ सालापासून १५०० रुपये मिळतात, पण वय पासष्ट हवे आणि घरचे उत्पन्न वर्षाला एकवीस हजारांच्या आत हवे. एवढ्या उत्पन्नात जगणारे घर ज्याला सापडेल त्याने आम्हालाही दाखवावे. तलाठ्याच्या दाखल्यावर मात्र ते सापडते. २०१९ साली केंद्राने शेतकऱ्यांसाठी मानधन योजना काढली. हप्ता भरायचा आणि साठीनंतर महिना ३००० घ्यायचे. दाखल होण्याचे वय अठरा ते चाळीस. म्हणजे ज्यांचे गुडघे त्या दिवशीच दुखत होते, ते सगळे दाराबाहेर. खैरात वाढवा असे आमचे म्हणणे नाही. शरीराचा घसारा उत्पादनखर्चात धरा, तो भावात मिळू द्या, आणि आजवर जो बुडवला त्याची फेड आजच्या म्हाताऱ्यांना पेन्शन म्हणून करा. तालुका बैठकांनी या मागणीवर ठराव करून पुढच्या महिन्यापर्यंत पाठवावेत.

ठराव मंजूर होईपर्यंत हाडे थांबणार नाहीत, म्हणून घरचेही सांगतो. तीळ, जवस, कारळ्याची चटणी रोजच्या भाकरीबरोबर असू द्या. शंभर ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम आहे, सगळे अंगी लागत नाही तरी पुष्कळ लागते. नाचणीत साडेतीनशे आहे, पण ती आपल्या भागात पिकत नाही. शेवगा बांधावर उभा आहे. शेंगा खातो आणि पाला शेळीला टाकतो, त्या पाल्यात तीनशेहून अधिक. साठीनंतर फवारणीचा पंप तरुणाच्या पाठीवर द्या. उकिडवे बसून खुरपण्याऐवजी जमेल तिथे सायकल कोळपे वापरा, त्याला उभ्याने ढकलता येते. विडी सोडा, तिनेही हाड ठिसूळ होते. रात्री उशाशी बॅटरी ठेवा.

आणि आता शेवटी एक परीक्षा. मंचावरच्या खुर्च्या खाली आणा. साठीपुढच्यांनी एकेकाने बसायचे, हात छातीवर घडी घालायचे, आणि हात न टेकता पाच वेळा उभे राहून खाली बसायचे. बारा सेकंदांच्या आत झाले तर पाय ठीक आहेत. जास्त लागले तर उद्यापासून घरच्या बाजेवरून रोज दहा-दहा वेळा, भिंतीजवळ, कोणाला तरी शेजारी उभे करून. बायकांच्या रांगेपासून सुरू करू. घड्याळ आमच्याकडे आहे. या, मावशी, तुम्ही पहिल्या.